सुवासाची दखल

तोरिमाईंच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर माशाचा वास अजिबात येत नसे. खाली तळमजल्यावर दिवसभर मासे साफ व्हायचे, वाटले जायचे, मीठ घालून मळले जायचे, सळयांवर लिंपून भाजले जायचे, आणि सळई काढल्यावर राहणाऱ्या त्या पोकळ नळ्या, म्हणजे चिकुवा, खोक्यांत भरून गावभर जायच्या. वरती कचेरीत मात्र लिंबाचा दरवळ. थोड्या थोड्या वेळाने कोणीतरी उठायचं आणि फवारा मारून पुन्हा जागेवर बसायचं. किताओ मिनोरीला पहिल्याच दिवशी त्या लिंबाने मळमळलं. मासळीवर पोट भरायचं आणि मासळीच्याच वासाने नाक मुरडायचं, हा प्रकार तिला मुळात पटत नव्हता. पण तिला तिथे नाक वापरायला बोलावलेलं नव्हतं.

ती मात्सुयामाच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीतली. कामही लहानसंच होतं. तोरिमाईंकडे ग्राहकाने फोन केला, की ती तक्रार टेलिफोनवरून अध्यक्षांच्या खोलीत पोहोचायला आठवडा लागायचा. मधल्या प्रत्येक टेबलावर ती जराशी ‘नीट’ केली जायची आणि मगच पुढे सरकायची. अध्यक्षांना हे चुटकीसरशी व्हायला हवं होतं. मिनोरीने प्रत्येक टेबलाशी बसायचं, तिथला माणूस तक्रारीचं नेमकं काय करतो ते पाहायचं, त्याच्या जुन्या मजकुरांवरून त्याचं एक फंक्शन तयार करायचं आणि शेवटी सगळी फंक्शनं जोडून द्यायची.

जोडणं हा तिचा जीव की प्राण. ती ज्या पद्धतीची भाषा वापरायची तिच्यात कोणतंही फंक्शन दुसऱ्याच्या ताटात बघत नाही. एक गोष्ट आत घ्यायची, एक बाहेर द्यायची, बस्स. पहिल्याचं बाहेर पडलेलं दुसऱ्याच्या तोंडात बसत असलं, की दोघांच्या मध्ये एक टिंब टाकायचं आणि दोन्हींचं मिळून तिसरंच एक फंक्शन तयार होतं. त्याला कंपोझिशन म्हणतात. कॉलेजात हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मिनोरी दिवसभर हसऱ्या चेहऱ्याने हिंडली होती. जगात एवढी स्वच्छ गोष्ट दुसरी नाही, असं तिला वाटलं होतं, आणि एकतिशी आली तरी तेच वाटत होतं.

मंगळवारी सकाळी ती टेलिफोनशी बसली. तिथे युझुकी नावाची गोड आवाजाची मुलगी होती. फोन वाजला आणि युझुकीने मिनोरीलाही ऐकता यावं म्हणून स्पीकर लावला.

“सेकितो बोलतोय. शिओकाझे वृद्धाश्रमातून,” पलीकडचा म्हातारा ओरडतच होता. “तुमचा चिकुवा सडलाय. वास मारतोय. माणसं ओकतायत. माझी बायको परवापासून आडवी आहे, पाणी ठरत नाही पोटात. अजून फ्रीजभर माल पडलाय तुमचा इथं, शुक्रवारी दुपारी ओदेनच्या रश्श्यात घालणारेत. या आणि घेऊन जा तो. ऐकू येतंय का बाई?”

“ऐकते आहे. आपल्याला तसदी पडली, फार फार दिलगीर आहोत,” युझुकी फोनसमोर कमरेत वाकून म्हणाली.

“दिलगिरी नको मला. गाडी पाठवा.”

“आपलं म्हणणं वरती नक्की पोहोचवते.”

फोन खाली ठेवून तिने लिहायला घेतलं. मिनोरी तिच्या खांद्यावरून वाचत होती. ‘चिकुवाच्या वासाबाबत ग्राहकांना काळजी वाटली. काहींना प्रकृतीत बदल जाणवला. मालाबाबत विचार व्हावा अशी इच्छा.’

“सडलाय म्हणाले ना ते?” मिनोरीने विचारलं.

“अय्या, असं कसं लिहायचं? खरखरीत शब्द वर पाठवायचे नाहीत असा नियम आहे. ग्राहकाचीच अब्रू जाते त्यात.” युझुकी निरागसपणे हसली. “पण बघा हं, मी काहीसुद्धा गाळलेलं नाही. वास आहे, तब्येत आहे, माल आहे.”

खरंच होतं ते. तिने काही गाळलं नव्हतं. मिनोरीने तिच्या जुन्या मजकुरांवरून फंक्शन बांधलं आणि त्याला नाव दिलं ‘सभ्य’. म्हाताऱ्याचा आवाज मात्र तिच्या कानातून जाईना. शुक्रवार दुपार. मधे दोन दिवस होते, तेवढ्यात कोणीतरी गाडी पाठवेलच, असं तिने स्वतःला समजावलं.

दुसरं टेबल गुणवत्ता विभागाच्या कुरिमोतोंचं. पन्नाशीचा, ढेरपोट्या, बोलका माणूस. येणाऱ्या जाणाऱ्याला चहा पाजायचा आणि आपल्याच विनोदाला स्वतःच आधी हसायचा. मिनोरीला तो पहिल्या दिवसापासून आवडला होता, आणि हीच त्या आठवड्यातली सगळ्यात ओंगळ गोष्ट होती असं तिला पुढे वाटलं.

“हे तुमचं जोडाजोडीचं मला समजावून सांगा बघू,” खुर्ची ओढत ते म्हणाले. “आमच्या पोराने विचारलं तर निदान शायनिंग मारता येईल.”

“खाली तुम्ही काय करता? मासा साफ करता. मग वाटता. मग मीठ घालून मळता. मग भाजता. चार कामं, चार फंक्शनं. साफ केलेला मासा वाटणाऱ्याकडे, वाटलेला मळणाऱ्याकडे. चारही जोडली की एकच फंक्शन होतं. मासा आत, चिकुवा बाहेर.”

“आणि क्रम चुकला तर?”

“भाजून मग वाटलात तर भुसा हातात येईल. फंक्शनं तीच, पण क्रम बदलला की चीज बदलली.” तिने कागदावर लिहून दाखवलं. “आम्ही लिहितो मात्र उजवीकडून. जे आधी घडतं ते सगळ्यात उजवीकडे.”

“म्हणजे उलटं!”

“उलटं. सवय होते.”

“आणि काय हो, चिकुवाचा परत मासा करता येतो का?”

“नाही. काही फंक्शनं परत फिरत नाहीत. एकदा वाटलं की वाटलं.”

कुरिमोतोंना ते भारीच पटलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. “आणि काहीच न करणारं फंक्शन असतं का? आमच्या ऑफिसात असे बरेच आहेत म्हणून विचारतो.”

“असतं ना. आयडेंटिटी म्हणतात त्याला. आत जे येतं ते जसंच्या तसं बाहेर सोडतं. कानामात्रेचाही फरक करत नाही.”

“जसंच्या तसं?” कुरिमोतो खो खो हसले. “असा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, किताओ-सान.”

मग त्यांनी युझुकीकडून आलेली सेकितोंची तक्रार हातात घेतली. त्यांचा नियम होता, की जे सिद्ध झालं नाही ते वर पाठवायचं नाही. वास हे एक, प्रकृती हे दुसरं. दोन्हींचा संबंध प्रयोगशाळेने थोडाच सिद्ध केलाय? म्हातारी माणसं, प्रकृतीत बदल तर रोजचाच. त्यांनी सराईतपणे दोन ओळी खोडल्या आणि ‘काळजी’ची ‘विचारणा’ केली. उरलं ते असं: ‘चिकुवाच्या वासाबाबत ग्राहकांकडून विचारणा.’

“पण शुक्रवारी तोच माल परत शिजवणार आहेत ते,” मिनोरी म्हणाली. “गाडी पाठवायला हवी.”

“वरून हुकूम आला की पाठवू. लगेच पाठवू. माझ्या हातात असतं तर आत्ताच पाठवली असती.”

“तुम्हाला माहीत आहे का काही? मालाबद्दल?”

कुरिमोतोंनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “शीतगृह बंद पडलं होतं मागच्या आठवड्यात. अख्खा एक दिवस. पण बंद पडलं असं कोणी वर कळवलेलं नाही, म्हणजे ते बंद पडलेलं नाही. चहा घेणार आणखी?”

तिने चहा घेतला. घेऊन वर आभारही मानले. नंतर आठवलं की तिला स्वतःचीच शिसारी यायची.

दुपारच्या सुट्टीत सगळे एकत्र जेवायला बसले. मिनोरी उगाचच सगळ्यांच्या डब्यात डोकावली. युझुकीच्या डब्यात अंड्याची गुंडाळी, कुरिमोतोंच्या डब्यात तळलेलं डुकराचं मांस, कोपऱ्यातल्या कोणाच्या डब्यात आलुबुखाराचं लोणचं भरलेले भाताचे गोळे. चिकुवा बनवणाऱ्यांची कचेरी, कारखान्यातून रोज फुकट मिळणारा माल, आणि एकाच्याही डब्यात चिकुवाचा तुकडा नव्हता. एकाच्याही! म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. तोंडाने कोणी बोलत नव्हतं, पण पोटाला सगळ्यांच्या नीट कळलेलं होतं. मिनोरीने आपला डबा झाकला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. खिडकी उघडत नव्हती. लिंबाचा वास टिकावा म्हणून ती कायमची बंद केलेली होती.

बुधवारी तिसरं टेबल. विभागप्रमुख त्सुनाशिमा. बारीक, इस्त्रीचा, हसताना दात न दाखवणारा माणूस. त्यांचा नियम असा, की अध्यक्षांकडे अडचण नुसती न्यायची नाही, तिची उजळ बाजू दाखवायची.

“विचारणा म्हणजे काय हो?” ते पेन फिरवत म्हणाले. “ज्याला काही वाटतच नाही तो विचारतो का? विचारतो म्हणजे त्याला आपल्या मालाबद्दल आस्था आहे.” त्यांनी लिहिलं, ‘चिकुवाच्या वासाबाबत ग्राहकांना विशेष आस्था.’ आणि मिनोरीकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू तिने दाद द्यायलाच हवी.

“त्सुनाशिमा-सान, मूळ फोन मी ऐकलाय. माणसं ओकत आहेत.”

“माझ्याकडे जे आलं त्यात तसं काही नाही.” त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. “दाखवा ना, कुठे आहे? जे आलंच नाही ते मी कसं पाठवू? तुमचंसुद्धा फंक्शन असंच चालतं ना, किताओ-सान? आत येतं तेवढ्यावरच काम करायचं.”

तो शब्दशः बरोबर बोलत होता. दुसऱ्याच्या ताटात न बघणं. ज्याला ती इतकी वर्षं स्वच्छता म्हणत आली होती, तेच हा इस्त्रीचा माणूस हात झटकायला वापरत होता. आपल्या घरचा टॉवेल परक्याच्या अंगावर ओला दिसावा तसं तिला झालं.

चौथं टेबल अध्यक्षांच्या सचिव किमुरा-बाईंचं. अध्यक्षांना लांबण आवडत नाही, म्हणून त्यांचं काम नुसतं आटोपशीर करण्याचं. आणि कोरडं वाक्य कानाला बरं लागत नाही, म्हणून वासाचा त्या सुवास करत. ‘चिकुवाच्या सुवासाची ग्राहकांकडून दखल.’ झालं. सही करून मोकळ्या. गाडीचं विचारलं तर त्याही म्हणाल्या, वरून आलं की पाठवू.

गुरुवारी मिनोरीने चारही फंक्शनं एका ओळीत लिहिली. आटोपशीर, टिंब, उजळ, टिंब, सिद्ध, टिंब, सभ्य. उजवीकडून वाचायचं. एकेक काढून पाहिलं तर एकातही खोट नव्हती. सभ्यपणा वाईट नाही. सिद्ध झालेलंच बोलावं, हे वाईट नाही. उजळ बाजू बघणं, थोडक्यात सांगणं, यात कोण दोष काढणार? चौघांनाही शप्पथ घालून विचारलं असतं तरी चौघंही म्हणाले असते, की मी खोटं बोललो नाही. आणि खरंच बोलले नव्हते. तिने सेकितो म्हाताऱ्याचं बोलणं जसंच्या तसं आत घातलं, बटण दाबलं, आणि ‘सडलाय, माणसं ओकतायत’ याचं ‘सुवासाची दखल’ होऊन बाहेर आलं. खोटं कुठल्याच फंक्शनमध्ये नव्हतं. ते टिंबांमध्ये होतं. टिंब टाकणारी ती स्वतः होती.

किळस काय असते ते तिला तेव्हा समजलं. सडका मासा निदान वास तरी मारतो. हे तर लिंबाच्या वासाचं सडणं होतं.

एक आशा मात्र होती. शुक्रवारी सकाळी अध्यक्षांपुढे काम दाखवायचं होतं. अध्यक्षांना काही माहीत नाही, एवढाच तर सगळा घोळ होता. तिने ठरवलं, पडद्यावर डावीकडे म्हाताऱ्याचे शब्द आणि उजवीकडे निकाल, दोन्ही शेजारी शेजारी मांडायचे. बघितल्यावर दगडालाही कळेल. ओदेन दुपारी होतं. सकाळी हुकूम सुटला तर माल सहज परत आणता आला असता.

अध्यक्ष तोरिमाई सत्तरीचे, गोरेगोमटे, आजोबांसारखे प्रेमळ दिसणारे गृहस्थ. त्यांनी मिनोरीला बसायला लावलं, प्रवासाची चौकशी केली. कुरिमोतो, त्सुनाशिमा आणि किमुरा-बाई भिंतीशी ओळीने उभे राहिले. मिनोरीने आधी नुसता निकाल दाखवला, म्हणजे काम किती झटकन होतं ते कळावं.

“सुवासाची दखल,” अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं आणि त्यांचा चेहरा फुलला. “कोणी घेतली?”

“शिओकाझे वृद्धाश्रम,” किमुरा-बाई म्हणाल्या.

“वृद्धाश्रम! म्हाताऱ्या जिभांना कळतं हो खरं. आजकालच्या पोरांना काय कळणार? अहो, त्यांना दोन पेट्या पाठवा, भेट म्हणून. त्याच मालातल्या पाठवा, त्यांना आवडलेल्या.”

किमुरा-बाईंनी मान लववली आणि फोनवर बोटं चालवली. मिनोरीने घाईघाईने पुढचं पान उघडलं. डावीकडे म्हाताऱ्याचे शब्द मोठ्या अक्षरांत आले. चिकुवा सडलाय. वास मारतोय. माणसं ओकतायत. या आणि घेऊन जा.

अध्यक्षांनी चष्मा लावला, सगळं वाचलं, चष्मा काढला. त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती.

“हे इथपर्यंत आलंच कसं?” ते म्हणाले.

भिंतीशी उभ्या तिघांच्याही माना खाली गेल्या. चला, समजलं एकदाचं यांना, असं मिनोरीला वाटलं. आपल्यापासून हे लपवलं म्हणून साहेब खवळले आहेत.

“ही भाषा?” अध्यक्ष पुढे म्हणाले. “ओकतायत? या खोलीत? माझ्या वडिलांचा फोटो आहे इथे भिंतीवर! त्सुनाशिमा, असलं काही माझ्या नजरेला पडता कामा नये, हे मी किती वेळा सांगितलंय?”

“चूक झाली.” त्सुनाशिमा वाकले. त्यांच्या पाठोपाठ कुरिमोतो वाकले, किमुरा-बाई वाकल्या. तीन पाठी एका रेषेत.

“साहेब, पण माणसं आजारी आहेत,” मिनोरी म्हणाली. “आज दुपारी तोच माल शिजणार आहे.”

“चौकशी होईल ना. रीतसर होईल.” अध्यक्षांचा आवाज पुन्हा आजोबांचा झाला. “तुमचं काम उत्तम आहे, किताओ-सान. फक्त एक करा. ही जी डावी बाजू आहे ना, तिच्यासाठी सगळ्यात आधी आणखी एक काहीतरी बसवा. टेलिफोनवरच. म्हणजे माणूस बोलतानाच ते जरा मऊ होऊन आत येईल. बसेल ना?”

“बसेल,” मिनोरी म्हणाली. कारण बसत होतं. सगळ्यात उजवीकडे आणखी एक टिंब टाकायचं, एवढंच तर होतं.

“पेट्या निघाल्या का?”

“निघाल्या साहेब,” किमुरा-बाई म्हणाल्या.

जिन्यात कुरिमोतोंनी तिला गाठलं. त्यांच्या हातात पांढरा रुमाल होता आणि ते मान पुसत होते. “मनावर घेऊ नका. पुढच्या आठवड्यात मी स्वतः चौकशी लावतो.”

“पुढच्या आठवड्यात? आज दुपारी खाणारेत ते.”

“माझ्या हातात असतं तर—”

“तुमच्या डब्यात चिकुवा का नव्हता, कुरिमोतो-सान?”

ते हसले नाहीत. रुमालाची घडी घालत राहिले.

ती रस्त्यावर आली तेव्हा फोन वाजला. तिचा साहेब, इवामुरा, मात्सुयामाहून. “काय किताओ, कसं झालं? खूश आहे का म्हातारा?”

“बरं झालं,” मिनोरी म्हणाली. “काम आवडलं. एक दोन सूचना आल्यात किरकोळ.”

फोन ठेवला आणि ती जागच्या जागी थिजली. एक दोन सूचना. किरकोळ. कोणी मागितलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं, आणि तिच्या तोंडातून ते इतकं सहज, इतकं गुळगुळीत बाहेर पडलं होतं, की तिला चव घेऊन बघावी लागली. सभ्य, सिद्ध, उजळ, आटोपशीर. चारही एकट्या तिच्या जिभेवर होती. ती गटाराशी वाकली आणि सकाळचा चहा ओकून टाकला. ओकतायत. हाच तो शब्द.

तोंड पुसून तिने वृद्धाश्रमाला फोन लावला. “तोरिमाईंकडचा चिकुवा सडलेला आहे. तो शिजवू नका.”

“कळवल्याबद्दल मनापासून आभार,” तिकडची बाई म्हणाली. “वरती नक्की सांगते.”

“काय सांगाल?”

“चिकुवाबाबत आपण आस्थेने काळजी व्यक्त केलीत, असं.”

मिनोरीने फोन बंद केला आणि समोरून आलेल्या टॅक्सीला हात केला.

वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं. तिने बूट काढायचेही कष्ट घेतले नाहीत. मोठ्या पातेल्यात मुळा, अंडी आणि कोन्याकू या कंदाच्या जेलीचे तुकडे मंद आचेवर उकळत होते, आणि नोमोतो नावाची जाडजूड स्वयंपाकीण फळीवर चिकुवा तिरका कापत बसली होती. दाराशी तोरिमाईंच्या दोन नव्या पेट्या, वर सोनेरी फीत.

“घातला का?” मिनोरीने दारातूनच विचारलं. “चिकुवा घातला का पातेल्यात?”

“अगं बाई, कोण तुम्ही? तो शेवटी घालतात. आधी घातला तर फुगून चोथा होतो.”

मिनोरीने फळीवरचे तुकडे दोन्ही हातांनी उचलले. बुळबुळीत होते. वास सरळ डोक्यात गेला, गोडसर, जुना, ओल्या फडक्यासारखा. तिने ते कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग फ्रीज उघडून आतल्या पुड्या फोडल्या आणि त्याही टाकल्या. मग फिती तोडून भेटीच्या पेट्या उपड्या केल्या. नोमोतो सुरी हातात धरून बघत राहिली, पण तिने अडवलं नाही.

“तुम्हाला वास येत नव्हता?” मिनोरी धापा टाकत म्हणाली.

“येत होता की. आठवडाभर येतोय.”

“मग कापत काय होतात?”

“पुड्यांवर तपासणीचा शिक्का आहे ना कंपनीचा. आणि आज तर भेटसुद्धा आली. सडका माल कोणी भेट म्हणून पाठवतं का?” नोमोतोने सुरी खाली ठेवली. “मला वाटलं, माझंच नाक म्हातारं झालं.”

मिनोरीला रडू आलं, आणि रडूपेक्षा जास्त किळस. वर एक फोटो लावलेली खोली होती, खाली एक धडधाकट नाक होतं, आणि त्या खोलीने या नाकाला खोटं पाडलं होतं.

खिशात फोन वाजू लागला. इवामुरा. या वेळी आवाज चढलेला होता. “किताओ, तोरिमाईंकडून फोन होता. तू त्यांच्या ग्राहकाकडे गेलीस, असं आश्रमातून त्यांना कळवलं म्हणे? काय चाललंय काय तुझं?”

“चिकुवा सडलाय,” मिनोरी म्हणाली. “वास मारतोय. माणसं ओकतायत.”

“म्हणजे गुणवत्तेबद्दल तुझं काही मत—”

“मत नाही. चिकुवा सडलाय. वास मारतोय. माणसं ओकतायत. हे असंच सांगा त्यांना.”

“असं कसं सांगायचं? अगं, मी जरा वेगळ्या शब्दांत—”

तिने फोन कापला. काम गेलं होतं, बहुधा नोकरीही. इतकं साधं फंक्शन, आलं ते तसंच सोडायचं, आणि ते चालवायला तिला एकतीस वर्षं लागली होती.

जेवणघराच्या दारात काठी टेकत एक म्हातारा येऊन उभा होता. किडकिडीत, दाढी वाढलेली, डोळे लाल. आवाज ऐकून तिने ओळखलं असतं, पण तो काही बोलतच नव्हता. कचऱ्याच्या डब्याकडे बघत होता. भरलेल्या, काठावरून एक नळी लोंबणाऱ्या.

“सेकितो-सान?” मिनोरी पुढे झाली. “आजीबाई कशा आहेत?”

“गाडी कुठंय?” म्हातारा म्हणाला.

“गाडी नाही. मीच आले.”

त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ती वाकून काहीतरी म्हणणार होती, दिलगीर आहोत, तसदी पडली, असलंच काहीतरी, सवयीने. म्हाताऱ्याने काठी उचलून मोरीकडे दाखवली.

“हात धुवा आधी. घाण वास मारतायत.”

“हो,” मिनोरी म्हणाली. “मारतायत.”